'ह्या वाजवून पोट भरतला काय?'

देवगड तालुक्यातून आलेलं हे पत्र. नाव छापू नका, अशी विनंती आहे. मजकूर थोडा कमी केला आहे.

"ताई, माझं वय 23. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. आंब्याच्या सीझनमध्ये पेट्या भरण्याची कामं करून पैसे साठवले आणि सात तारांची गिटार घेतली. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि दोन लहान स्पीकर आहेत. मी प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो, म्हणजे जड आवाजाचं, अवघड तालांचं रॉक. मला मिशा मन्सूरसारखं करिअर करायचंय, स्वतःच्या बँडमध्ये गिटार आणि प्रोड्यूसरही आपणच. तीसेक गाणी केलीत, पण एकही पूर्ण नाही. इथे सातच्या मीटरमध्ये, म्हणजे सात मात्रांच्या तालात, वाजवणारा ड्रमर मिळत नाही. माझं मिक्स (सगळ्या वाद्यांचा एकत्र जुळवलेला आवाज) खोलीत भारी वाटतं आणि दुसरीकडे लावलं की पातळ वाटतं. बाबांची दीडशे कलमं आहेत. ते म्हणतात, 'ह्या वाजवून पोट भरतला काय?' डोंबिवलीचे काका म्हणतात, इकडे ये, राहायची सोय करतो. मुंबईत साउंड इंजिनीअरिंगचा एक खाजगी कोर्स आहे, पण फी काही लाख आहे आणि त्यासाठी बागेवर कर्ज काढावं लागेल. शेजारच्या आजी आवाजावरून रोज बोलतात. रात्री झोपताना कानात बारीक शीळ वाजते, पण ते जाऊ दे. मी मुंबईला जाऊ, की हे सगळं सोडून देऊ?"

अरे, 'ते जाऊ दे' म्हणून तू जे सोडून दिलंस, मी तिथूनच सुरू करते. कानातली शीळ सोडून द्यायची गोष्ट नाही. ती मळ साचल्यानेही येते आणि तासन्‌तास हेडफोनवर मोठ्याने डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, ऐकल्यानेही येते. कारण कुठलं, हे ना तू ठरवू शकतोस, ना मी. या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. कणकवलीला नाही जमलं तर रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला जा, पण पुढे ढकलू नकोस. कामाच्या जागी आवाज किती चालेल याचं अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचं माप आहे: 85 डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. हेडफोनवर हा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तुला जे व्हायचं आहे त्यात बोटांपेक्षा कान महत्त्वाचे. गिटार वाजवणारे खूप आहेत, आणि नीट ऐकणाऱ्याला लोक पैसे देतात. तपासणी होईपर्यंत हेडफोन बाजूला ठेव आणि स्पीकरवर हळू आवाजात काम कर. आजींचा प्रश्नही त्यात बराचसा सुटेल.

आता बाबांचा प्रश्न. त्याला टोमणा समजू नकोस. तुझ्या पत्रातला सगळ्यांत नेमका प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर तू ज्याचं नाव घेतलंस त्या माणसाच्या आयुष्यातच सापडतं.

मिशा मन्सूरने पेरिफेरी हा बँड 2005 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सुरू केला. पहिला अल्बम आला 2010 मध्ये. मधली पाच वर्षं बँडमधले लोक बदलत राहिले, गायकही बदलले. त्या काळात तो घरी एकट्याने गाण्यांचे कच्चे नमुने, म्हणजे डेमो, करायचा, ड्रम कॉम्प्युटरवर प्रोग्राम करायचा आणि 'बल्ब' या नावाने इंटरनेटवर टाकायचा. त्याची ख्याती झाली ती आधी या डेमोंच्या आवाजामुळे. पण तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. स्वतःच्या बँडचा पहिला अल्बम यायच्या आधी, 2009 मध्ये, तोसिन अबासी या गिटारवादकाच्या अॅनिमल्स अॅज लीडर्स या बँडचा पहिला अल्बम आला. त्याच्या प्रॉडक्शनमध्ये मन्सूर होता आणि त्यातले ड्रमही त्यानेच प्रोग्राम केले होते. म्हणजे आपलं गाणं बाजारात पोचायच्या आधी तो दुसऱ्याचं गाणं उभं करत होता. 2017 च्या ग्रॅमीसाठी पेरिफेरीला मेटल विभागात नामांकन मिळालं. एवढं होऊनही, नुसत्या बँडच्या कमाईवर घर चालत नाही, हे मन्सूर मुलाखतींमधून उघडपणे सांगत आला आहे. पैसा येतो तो आजूबाजूच्या कामांतून. बँडमधल्या सोबत्यांबरोबर त्याने ड्रम सँपलची, म्हणजे कॉम्प्युटरवर वापरायच्या ड्रमच्या तयार आवाजांची, गेटगुड ड्रम्स ही कंपनी काढली. जॅक्सन कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली. 2019 पासून पेरिफेरीचे अल्बम त्यांच्या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे संगीत प्रकाशित करणाऱ्या कंपनीतून, येतात. बँड ही त्याची ओळख आहे, आणि घर चालतं ते आवाज घडवण्याच्या कौशल्यावर.

त्याच बँडमध्ये अॅडम 'नॉली' गेटगुड बेस वाजवायचा. पेरिफेरीच्या अल्बमांचं मिक्सिंगही तोच करत असे. 2017 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, कारण त्याला पूर्ण वेळ प्रॉडक्शन करायचं होतं. जगभर फिरणाऱ्या, ग्रॅमीचं नामांकन मिळालेल्या बँडमधली जागा सोडून एक माणूस स्टुडिओत जाऊन बसला. यावर जरा विचार कर. तुला यातलं कोणतं आयुष्य जास्त ओढतं, हे एवढ्यात कळणार नाही, पण ही दोन वेगळी आयुष्यं आहेत एवढं आत्ताच ध्यानात ठेव.

याच्या आधीची पिढी पाहायची असेल तर स्टीव्हन विल्सन आहे. त्याचे वडील इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते. त्यांनी मुलासाठी घरच्या घरी मल्टिट्रॅक टेप मशीन बनवून दिलं, आणि त्याच्यावर तो मुलगा ध्वनिमुद्रण शिकला. पॉर्क्युपाइन ट्री हा त्याचा बँड 1987 मध्ये सुरू झाला तेव्हा खरं तर बँड नव्हताच, घरात बसलेला तो एकटाच होता. पुढे 2001 मध्ये ओपेथ या स्वीडिश बँडचा अल्बम घडवण्यात त्याचा हात होता, आणि त्यानंतर किंग क्रिमसनसारख्या जुन्या बँडांचे अल्बम नव्याने मिक्स करण्यासाठी लोक त्याला बोलावू लागले. पॉर्क्युपाइन ट्री 2009 च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो या विद्यार्थी महोत्सवात वाजवून गेला. तिथे ज्यांनी तो ऐकला त्यातल्या कितीतरी जणांच्या घरात तेव्हापासून गिटारी आहेत.

आणि आपल्या देशात? दिल्लीचा केशव धर बघ. स्कायहार्बर हा बँड त्याच्या घरातल्या रेकॉर्डिंगांतून वर आला. 2012 च्या पहिल्या अल्बमात इंग्लंडचा डॅनियल टॉम्पकिन्स गातो, अमेरिकेतला अनुप शास्त्री ड्रम वाजवतो आणि मेगाडेथ बँडचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमन पाहुणा म्हणून सोलो वाजवून जातो. ही माणसं दिल्लीत एका खोलीत जमली नव्हती, फायलींची देवाणघेवाण करून अल्बम झाला. केशव दुसऱ्यांच्या रेकॉर्डचं प्रॉडक्शन आणि मिक्सिंगही करतो. ब्लडीवुड या बँडचा करण कटियार वकिलीतली नोकरी सोडून आला. तो गिटार वाजवतो, बासरी वाजवतो आणि बँडचं प्रॉडक्शनही सांभाळतो. 2019 मध्ये तो बँड जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवत होता. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडचा साहिल मखिजा 2000 पासून या संगीतात आहे. त्याने स्वतःचं लेबल काढलं, आणि स्वयंपाकाचा यूट्यूब चॅनलही चालवला. आपलं संगीत सोडावं लागू नये म्हणून माणसं किती वाटा काढतात, ते बघ.

तेव्हा बाबांना खरं उत्तर द्यायचं तर ते असं आहे: 'बाबा, नुसतं वाजवून नाही भरत. आवाज घडवून भरतं, आणि ते मी इथे शिकू शकतो.' मला या पत्रात तुला सांगायचंय ते एवढंच, पण त्यातलं 'इथे' समजावून सांगायला जरा जागा लागेल.

आधी तुझी खोली. तू लिहिलंयस की ती दहा बाय दहाची आहे, भिंती जांभ्याच्या आहेत आणि टेबल भिंतीला चिकटून आहे. तुझं मिक्स बाहेर पातळ का वाजतं, त्याचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आलं. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज घुमतो. तुझ्या सातव्या तारेचा मोकळा बी सूर आहे जवळपास 62 हर्ट्‌झ, म्हणजे त्याच्या अगदी शेजारी. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही तोच सूर फुगवतात. जांभ्याची जाड भिंत त्याला बाहेर जाऊ देत नाही. त्यात हा घुमारा भिंतीशी सर्वांत जास्त असतो, आणि तू नेमका भिंतीशी बसतोस. तुला बेस जास्त ऐकू येतो, म्हणून तू तो कापतोस. काकांच्या गाडीत लावलास की कापलेला बेस कुठून येणार?

टेबल भिंतीपासून सुटं कर आणि खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशाच्या थोडं पुढे बस. अगदी मधोमध नको, तिथे हाच सूर गायब होतो. जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या कर, जितक्या जाड तितक्या चांगल्या. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस. त्यांनी बेसला काहीच होत नाही, वरचे सूर तेवढे थोडे दबतात. आणि आवडत्या बँडची दोन-तीन गाणी मिक्सच्या शेजारी लावून ठेव. त्यांचा आवाज तुझ्या मिक्सइतकाच कर आणि आलटून पालटून ऐक. आवाज समान केला नाहीस तर मोठं वाजणारं गाणं नेहमी चांगलं वाटतं आणि तुलना फसते. मग तेच मिक्स मोबाइलवर ऐक, रिक्षात ऐक, आणि वाडीत कोणाच्या टेम्पोला चांगले स्पीकर असतील तर त्यात ऐक. जे खोलीत ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येईल. वहीत लिहून घे आणि परत येऊन दुरुस्त कर.

गिटारच्या आवाजात घरघर येते असंही तू लिहिलंस. कोकणातल्या जुन्या घरांत हा प्रश्न सर्रास असतो. जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये जमीन वाळली की अर्थिंग नावालाच उरतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालव. घरघर गेली तर दोष विजेच्या बाजूला आहे. तारांना किंवा मायक्रोफोनला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या दिवशी वाजवणं बंद, आधी वायरमनला बोलव. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला आहेस, कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डा कसा करायचा हे त्याच्या शेजारी उभा राहून बघ. पावसाळ्यात गिटार उघडी टांगून ठेवू नकोस, केसमध्ये सिलिका जेलसोबत ठेव आणि वाजवून झालं की तारा पुसून घे. खारी हवा तारांना फार दिवस टिकू देत नाही. वळवाच्या पावसात वीज कडकडायला लागली की सगळी उपकरणं प्लगमधून काढ. गाण्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर करून दुसऱ्या घरी ठेव. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळाने तुमच्याकडे काय केलं, ते तू पाहिलंच आहेस.

आता ड्रमर. सातच्या मीटरमध्ये वाजवणारा माणूस तालुक्यात मिळत नाही, असं तू म्हणतोस. तुमच्या वाडीच्या भजनात पखवाज कोण वाजवतो, त्यांना विचारून बघितलंस का? रूपक सात मात्रांचा आहे, तीन-दोन-दोन. धमार चौदा मात्रांचा, झपताल दहाचा. ज्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, तुझे मित्र अडखळतात ती भजनीबुवांच्या पखवाजवाल्याला गाऊन दाखव, टाळीवर मात्रा मोजून दाखव. त्यातल्या एखाद्याला ती क्षणात पकडता येईल. ड्रमकिटची भाषा वेगळी आहे हे मला ठाऊक आहे, आणि पखवाज आणून मेटलवर चिकटवून टाक असं मी मुळीच म्हणत नाही. घाईत केलेलं असलं मिश्रण मला स्वतःला ऐकवत नाही. मी म्हणते आहे ते मात्रांबद्दल. ड्रम तू प्रोग्राम कर, मन्सूरनेही तेच केलं, पण ज्याच्या हातात सात मात्रा लहानपणापासून आहेत अशा माणसासमोर बसून कर. सम कुठे जड पडते आणि कुठे हलकी, हे कॉम्प्युटर सांगणार नाही.

आणि इथेच तुझं शिक्षण आणि तुझी पहिली कमाई दोन्ही आहेत. सिंधुदुर्गात डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं ऐकायला माणसं रात्रभर बसतात. दशावतारी कंपन्या जत्रांच्या मोसमात रोज नव्या गावात उभ्या राहतात. गणपतीत, शिमग्यात बेंजो पार्ट्या निघतात. या सगळ्याची रेकॉर्डिंगं लोक आवडीने ऐकतात, आणि त्यातली बरीचशी ऐकायला वाईट असतात. मोबाइलच्या माइकवर झांज फाटलेली असते, बुवांचा आवाज पेटीखाली गेलेला असतो आणि पखवाजाची डावी पुडी, म्हणजे डावं तोंड, ऐकूच येत नाही. कला उत्तम आणि आवाज खराब. हे काम करायला तुझ्या तालुक्यात माणूस हवा आहे, आणि तू तिथे बसून तीस अर्धी गाणी पुन्हा पुन्हा उघडतो आहेस.

एखाद्या बुवांकडे जा, परवानगी माग आणि पहिली दोन भजनं फुकट रेकॉर्ड करून दे. माइक कमीच लागतील: एक बुवांना, एक पेटीला, पखवाजाला दोन बाजूंना दोन. झांज एवढी बोचरी असते की ती सगळ्यांच्याच माइकमध्ये येते, तिला वेगळा माइक द्यायची गरज पडत नाही. प्रश्न असतो तो तिला दूर बसवायचा, आणि बुवांना ते पटवून सांगायचा. दोन्ही पुड्यांचे माइक एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये गेले, म्हणजे एकाची ध्वनिलहर वर जाताना दुसऱ्याची खाली आली, तर पखवाज पोकळ वाजतो, एकाचा फेज उलटा करून बघ. डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, रात्र चढते तशी ती वाळते आणि आवाज चढतो, तेही लक्षात ठेव. तासाभरात मेटलच्या ड्रमकिटच्या मायकिंगमधल्या निम्म्या अडचणी तुला भेटतील. गाणाऱ्या माणसाला समजून घेणं, त्याला पुन्हा एकदा गायला न दुखावता सांगणं, सगळे थकलेले असताना कामाची लय टिकवणं, हे प्रोड्यूसरचं काम आहे, आणि ते एकट्याने खोलीत बसून शिकता येत नाही.

पैसे घ्यायला लागशील तेव्हा साध्या कागदावर लिहून घे: रेकॉर्डिंग कोणाचं, चॅनलवर कोण टाकणार, पुढे मिळकत झाली तर कोणाला किती. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक साधारणपणे ते करून घेण्याची जबाबदारी घेणारा असतो, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही त्यांचे हक्क आहेत. लिहून ठेवलं नाही की गावात वर्षानुवर्षं अबोला धरतात. आणि कोणाचीही चाल किंवा पखवाजाचा तुकडा त्यांना न विचारता तुझ्या मेटलच्या गाण्यात वापरायचा नाही. विचारलंस तर बहुतेक जण आनंदाने देतील.

दुसरी कमाई तुझ्या डिप्लोमात आहे. मंडप डेकोरेशनवाल्यांचे मिक्सर आणि अँप्लिफायर, बेंजो पार्टीचे पिकअप, तुटलेल्या केबली, ऑक्टोपॅडचे सैल झालेले जॅक, हे सगळं दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळत नसेल तर लोक ते कोल्हापूरला नेतात. तुझ्या हातात सोल्डरिंग आहे. गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत हे काम भरपूर असतं.

कोर्ससाठी बागेवर कर्ज काढू नकोस. इथे मी ठाम आहे. खाजगी कोर्स वाईटच असतात असं नाही. चांगल्या कोर्समध्ये चांगल्या खोल्या, चांगले माइक आणि ओळखी मिळतात. पण काही लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन जो मुलगा मुंबईत येतो तो हप्त्यासाठी मिळेल ते काम धरतो, आणि ज्या कामासाठी आला होता ते रात्री दोननंतर करतो. ज्या मुलांनी असं केलं त्यांच्यातल्या काहींना मी स्टुडिओत ओळखते, आणि त्यांच्यापैकी गिटार हातात धरणारे थोडे उरलेत. शिकायचंच असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचा ध्वनिमुद्रण विभाग बघ, पण तिथे पदवी लागते. तुला डिप्लोमावरून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, मुक्त विद्यापीठातूनही पदवी करता येते. हे तुझ्या वयात अजिबात उशिराचं नाही. पण आधी एक वर्ष इथे काम करून बघ, म्हणजे तुला नक्की काय शिकायचं आहे ते कळेल.

स्ट्रीमिंगच्या पैशावर हिशोब मांडू नकोस. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत, असा त्यांचा 2024 पासूनचा नियम आहे. तरी संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची माहिती घेऊन ठेव. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचा आधार आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना ते माहीत नसतं.

आता ती तीस गाणी. त्यातली तीन निवड. चौथी कितीही आवडत असली तरी बंद ठेव. प्रत्येकाची गिटार डीआयने, म्हणजे माइक न लावता थेट केबलने, रेकॉर्ड कर, डावीकडे एकदा आणि उजवीकडे पुन्हा नव्याने वाजवून. कॉपी करून सरकवलेला ट्रॅक रुंद वाटत नाही, भुतासारखा मागे फिरतो. कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस पडत असताना माइकवर काही घेता येणार नाही, पण डीआयला पावसाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर गिटार, बेस, ड्रम प्रोग्रामिंग आणि मिक्सिंग, आणि थंडीत गायन आणि भजनांची रेकॉर्डिंगं. फेब्रुवारी ते मे बाबांबरोबर बागेत. गायक नसेल तर वाद्यसंगीत म्हणून पूर्ण कर, अॅनिमल्स अॅज लीडर्समध्येही गायक नाही. पूर्ण म्हणजे मिक्स झालेलं, नाव दिलेलं आणि लोकांसमोर ठेवलेलं. लोक नावं ठेवतील, काही जण ऐकणारच नाहीत. तरीही चौथं गाणं त्यामुळेच बदलेल.

बाबांशी बोलताना मन्सूरचं नाव घेऊ नकोस, त्यांना त्याचं काय? त्यांना वर्षाचं कॅलेंडर दाखव: बाग कधी, दुरुस्तीचं काम कधी, रेकॉर्डिंग कधी. दर महिन्याला किती आले आणि किती गेले, ते वहीत लिहून त्यांच्यासमोर ठेव. तोट्याचा महिना लपवू नकोस. बागायतदाराला तोट्याचं वर्ष माहीत असतं, त्यांनी थ्रिप्स किडीची आणि अवकाळी पावसाची वर्षं काढली आहेत. त्यांचं म्हणणं असं असेल की पोरगं काय करतंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तर ते विचारतात. भजनाचं पहिलं चांगलं रेकॉर्डिंग झालं की ते आधी त्यांना ऐकव, स्पीकरवर, नीट बसवून. तुझ्या रिफ त्यांना कदाचित कधीच आवडणार नाहीत, आणि त्या आवडाव्यात असा हट्टही नको.

शेजारच्या आजींकडे स्वतः जा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबलची आहे, हे नियमात लिहिलेलं आहे, तेव्हा आजी चूक नाहीत. दुपारची त्यांची झोप कधी असते ते विचार आणि त्या वेळात स्पीकर बंद ठेव.

राहिले डोंबिवलीचे काका. त्यांना हो म्हण, पण राहायला नाही, पंधरा दिवसांसाठी. जूनच्या सुरुवातीला, आंबा उतरल्यावर जा. जाण्याआधी मुंबई-ठाण्यातल्या छोट्या स्टुडिओंना आणि तुला आवडणाऱ्या बँडच्या इंजिनीअरांना तीन ओळींचं पत्र लिही, सोबत तुझं एक पूर्ण गाणं आणि एक भजन पाठव, आणि एखाद्या सेशनला मागे बसून बघू द्याल का, एवढंच विचार. दहांपैकी सात जण उत्तर देणार नाहीत. ज्यांनी दिलं त्यांच्याकडे वेळेवर जा, फोन बंद ठेव आणि विचारल्याशिवाय मत देऊ नकोस. तीन गाणी तोपर्यंत पूर्ण झाली नसतील तर काकांना फोन करून दिवाळीनंतर येतो म्हणून सांग.